कोकणातल्या हवेत पेटीतली ऊब आणि ओलावा कसा सांभाळता? (बिअर्डेड ड्रॅगन, बॉल पायथन, स्लायडर)

जांभा (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, पण नीट माहिती दिल्याशिवाय नीट उत्तर मिळत नाही, म्हणून सगळंच लिहिते.

मावसभाऊ परदेशी गेला, जाताना त्याचा बिअर्डेड ड्रॅगन (ऑस्ट्रेलियातला सरडा) आमच्याकडे ठेवून गेला. ठाण्याला तो बंद फ्लॅटमध्ये, एसीच्या खोलीत होता. आमचं घर रत्नागिरीजवळ, चिऱ्याचं, कौलारू, समुद्र चालत जाण्याइतका जवळ. पेटी चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. पुढे सरकत्या काचा, बाकी प्लाय, वर एका बाजूला जाळीची पट्टी आणि खाली दुसऱ्या बाजूला भोकं. यूव्हीबीची (अतिनील किरणांची) ट्यूब आहे, शेकायच्या जागेवर हॅलोजन बल्ब आहे. पेटी माजघरात, पश्चिमेच्या भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवलेली आहे.

सध्याचे आकडे असे. बल्बखालच्या फरशीवर ४० अंश, थंड बाजूला हवेत ३०. हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारा मीटर) थंड बाजूला आहे, तो दिवसा ७५ टक्क्यांच्या आसपास दाखवतो. रात्री बल्ब बंद झाला की ९० च्या वर. बाहेर पाऊस धरूनच आहे, २७ अंश. जिथे वाचावं तिथे ‘३० ते ४० टक्के ठेवा, नाहीतर फुप्फुसाचा आजार होतो’ असं लिहिलेलं. जनावर खातंय, हागवण नाही, श्वासाचा आवाज नाही. खालची चटई मात्र हाताला दमट लागते आणि एका कोपऱ्यात वास यायला लागलाय.

सिलिका जेलच्या पुड्या ठेवू का? डीह्युमिडिफायर घेऊ का? की बल्ब मोठा लावू? मुलगी त्याला जीव लावून बसली आहे, त्यामुळे काही व्हायच्या आत विचारते.

खाजण (गुहागर)

जांभाताई, आकडे दिलेत हे फार बरं केलंत. बहुतेक जण ‘खूप दमट आहे’ एवढंच लिहितात आणि मग पुढे सगळा अंदाजाचा कारभार होतो.

आधी एक हिशोब समजून घ्या, तुमची निम्मी काळजी त्यातच जाईल. हायग्रोमीटरवरचे टक्के सांगतात की, त्या तापमानाला हवा जेवढी वाफ धरू शकते त्यापैकी किती वाफ तिच्यात आहे. हवा तापली की तिची वाफ धरायची कुवत वाढते. वाफ तेवढीच राहते, म्हणून टक्के उतरतात. बाहेर २७ अंश आणि ९० टक्के असतील, तर तीच हवा ३० अंशांवर साधारण ७६ टक्के, ३२ वर ६७, ३६ वर ५४ आणि ४० वर ४३-४४ टक्के होते. पाण्याचा एक थेंब काढावा लागत नाही.

आता तुमचा आकडा बघा. थंड बाजूला ३० अंश आणि ७५ टक्के. म्हणजे ती बाहेरचीच हवा आहे, फक्त तापलेली. पेटीत वेगळा ओलावा साचत नाही, हवा खेळती आहे. तिथे तुम्हाला ९० दिसले असते तर मी म्हटलं असतं की आत कुठेतरी पाणी मुरतंय आणि बाहेर पडायला वाट नाही. शिवाय तुमचं जनावर दिवसाचा बराच वेळ बल्बखाली, ३६ ते ४० अंशांत बसतं. तिथली हवा ५० टक्क्यांच्या आसपास असणार. मीटर थंड बाजूला आहे, म्हणून तो फक्त तिथलं सांगतो. मीटर गरम बाजूला, पण थेट बल्बखाली नव्हे, दोन-तीन तास ठेवून बघा.

परदेशी लेख ज्या घरांसाठी लिहिलेले असतात ती घरं थंड आणि हीटरने कोरडी झालेली असतात. तिथे ऊब विकत आणायची आणि ओलावाही विकत आणायचा. आपल्याकडे दोन्ही फुकट आहेत, आणि ड्रॅगनच्या बाबतीत ओलावा जास्त आहे. म्हणून कोकणात पेटी मांडताना पहिला प्रश्न ‘काय लावू’ हा नसावा. ‘हवा कुठून येते, कुठून जाते आणि कोरडी जागा कुठे आहे’ हा असावा.

तुमचा खरा आजार ती चटई आहे. ती आजच काढा. खाली साधी सिरॅमिक टाइल किंवा शहाबादी फरशी घाला, रोज पुसता येते आणि बल्बखाली चांगली तापते. पाण्याचं भांडं गरम बाजूला असेल तर थंड बाजूला न्या आणि लहान करा. पालेभाजी तासा-दोन तासांनी उचला, पावसाळ्यात तीही भरपूर पाणी सोडते. आणि पेटी जमिनीवरून उठवा. चिऱ्याच्या जोत्यातून ओल वर येते, पश्चिमेची भिंत तर पावसाच्या माऱ्याने आतपर्यंत भिजते. दीड-दोन फूट उंच स्टँडवर, भिंतीपासून चार बोटं सोडून, जमलं तर आतल्या भिंतीकडे ठेवा. पेटीची मागची बाजू बघाल तर बुरशी धरलेली असेल, ती आधी साफ करा.

सिलिका जेल उघड्या पेटीत एका रात्रीत भरतं, उपयोग शून्य. बाजारात ओलावा शोषणारे डबे मिळतात त्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं, त्याचं खारट पाणी तळाला जमतं. ते जनावराच्या वाटेत चुकूनही येता कामा नये. आणि कौलारू घरात डीह्युमिडिफायर लावणं म्हणजे लोट्याने विहीर उपसणं. कौलांच्या फटींतून बाहेरची हवा सतत आत येते.

मोठा बल्ब नको. शेकायची जागा ३८ ते ४२ अंश असली की पुरे. मोठा बल्ब लावलात तर थंड बाजू ३३-३४ वर जाईल आणि त्याला पळायला जागा उरणार नाही. सरपटणाऱ्यांना अंगात ऊब तयार करता येत नाही, ती ऊन-सावली बदलून तापमान सांभाळतात. पेटीचं एक टोक थंड राहिलं नाही तर त्यांच्या हातातलं एकमेव साधन आपण काढून घेतो.

रात्रीच्या ९० टक्क्यांबद्दल उद्या लिहितो, लाइट जायची चिन्हं आहेत.

पडवी (पेण)

वाचतोय. वाचनखूण साठवली.

सुरंगी (अलिबाग)

माझा प्रश्न अगदी उलटा आहे, म्हणून इथेच विचारते. बॉल पायथन आहे, काचेची टाकी, वर पूर्ण जाळी. भर जुलैत त्याची कात तुकड्या-तुकड्यांनी निघाली, शेपटीच्या टोकाला आणि एका डोळ्यावर अजून चिकटलेली आहे. बाहेर कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत आणि सापाची कात कोरडेपणाने अडकते, हे माझ्या डोक्यातच शिरत नाही. खोलीत एसी असतो, २४ वर. गरम बाजू ३१-३२ आहे.

खाजण (गुहागर)

सुरंगीताई, उत्तर तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांतच आहे. एसीच्या खोलीतली हवा २४ अंश आणि साधारण ५५ टक्के असते. एसीने त्यातलं पाणी नळीवाटे बाहेर टाकलेलं असतं. तीच हवा तुमच्या टाकीत ३१ अंशांवर गेली की ३६-३७ टक्क्यांवर येते. वरची पूर्ण जाळी उरलासुरला ओलावाही वर सोडून देते. बाहेर पाऊस असला तरी तुमचा साप वाळवंटात राहतोय.

बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा. घाना, टोगो, बेनिन या किनाऱ्याकडच्या देशांतून तो जगभर गेला. तिथे तो उंदरांच्या बिळांत, जुन्या वारुळांत दिवस काढतो. बिळातली हवा उबदार आणि दमट असते. त्याला ५५ ते ७० टक्के चालतात, कात टाकायच्या वेळी थोडे जास्त. कोकणातली बिनएसीची खोली पावसाळ्यात त्याच्या घराच्या बरीच जवळची आहे. मी तर म्हणेन, एसी माणसांसाठी हवा असेल तर टाकी दुसऱ्या खोलीत न्या.

ते जमत नसेल तर जाळीचा दोन-तृतीयांश भाग ॲक्रिलिकच्या तुकड्याने झाका, दिव्याच्या जागी मोकळा ठेवा. रोज फवारा मारत बसू नका. फवारा अर्ध्या तासात उडून जातो, वरचा थर मात्र ओला राहतो आणि पोटाखालच्या खवल्यांना फोड येतात. त्यापेक्षा नारळाच्या सोडणाचे तुकडे तळाला तीन-चार इंच घाला आणि कोपऱ्यांतून पाणी ओता, म्हणजे खालचा थर ओला आणि वरचा कोरडा राहील. सोडण आपल्याकडे परसात मिळतं, पण काथ्यासाठी खाडीत कुजवलेलं असेल तर त्यात मीठ असतं. दोन-तीन पाण्यांत उकळून, धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच वापरा. शिवाय एक झाकणाचा डबा घ्या, भोक पाडा, आत दमट मॉस घाला, म्हणजे ओला हाइड (लपायची जागा) झाला. चिऱ्याच्या गडग्यावरचं शेवाळ मात्र नको, त्यातून मुंग्या आणि गोचिडी घरात येतात.

अडकलेल्या कातीसाठी: डब्यात कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल, त्यात साप, झाकणाला भोकं, २८ ते ३० अंशांत अर्धा तास. त्याने स्वतः टॉवेलला घासून काढू दे. डोळ्यावरची चकती नखाने किंवा चिमट्याने काढू नका, खालचा डोळा जायबंदी होतो. पुढच्या कातीत बहुतेकदा ती आपोआप निघते. तेव्हाही राहिली तर डॉक्टर.

हर्णै_बंदर (दापोली तालुका)

दोन्ही ताईंना विचारतो, तुमचा हायग्रोमीटर खरं बोलतो का? स्वस्तातले मीटर आपल्या पावसाळ्यात एकदा ९९ वर गेले की तिथेच चिकटतात, किंवा दहा-पंधरा टक्क्यांनी भरकटतात. घरच्या घरी तपासता येतो. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळू देऊ नका. झाकण आणि मीटर दोन्ही घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून एका जागी रात्रभर ठेवा. सकाळी मीटरने ७५ दाखवले पाहिजेत. ८२ दाखवले तर तुमचा मीटर ७ ने जास्त सांगतो, तेवढे वजा करत जा.

यात एक महत्त्वाचं. पाकिटातलं शुद्ध बारीक मीठ घ्या. मिठागरावरचं खडं मीठ घेऊ नका. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते फार लवकर पाणी ओढतं. त्याचं संपृक्त द्रावण एकटं असेल तर हवा ३३ टक्क्यांवरच थांबते. पावसाळ्यात खड्या मिठाला पाणी सुटतं ते याच्यामुळेच. त्यावर तपासलात तर चांगला मीटर फेकून द्याल.

तापमानासाठी दोन साधनं लागतात. हवेचं प्रोबवाल्या (वायरीच्या टोकाला सेन्सर असलेल्या) थर्मामीटरने, फरशीचं इन्फ्रारेड गनने. गनने हवा मोजता येत नाही आणि काचेतून तर काहीच मोजता येत नाही, ती काचेचंच तापमान दाखवते.

जांभा (रत्नागिरी)

चटई काढली. खाली काळी बुरशी होती, मागच्या प्लायलाही. पेटी उचलून मधल्या भिंतीकडे नेली. मीठ आज रात्री लावते. खाजणदादा, रात्रीचं लिहिणार होतात.

खाजण (गुहागर)

हो. रात्री सगळं बंद झालं की पेटीतली हवा खोलीसारखी होणार, म्हणजे ९० टक्के. मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातही पहाटे आर्द्रता चढते आणि दिवसा उतरते. रात्रीच्या चढावाने धडधाकट जनावर आजारी पडत नाही. आजारी पडतं ते ओल्या जमिनीवर, कोंदट हवेत, दिवसा पुरेसं शेकायला न मिळाल्याने. दिवसा ४० अंशांची कोरडी फरशी दहा-बारा तास मिळत असेल आणि खालचं सगळं कोरडं असेल, तर रात्रीचा आकडा बघून झोप उडवून घेऊ नका.

संततधार लागते त्या आठवड्यांत एक करता येतं. गरम टोकाला कमी वॉटचा सिरॅमिक हीटर, थर्मोस्टॅटवर २९ अंशांना. त्याचा उजेड पडत नाही, त्यामुळे झोप मोडत नाही. २७ चे २९ झाले की ९० टक्क्यांचे ८० होतात आणि फरशी दमट होत नाही. लाल बल्ब रात्री लावू नका, त्यांना तो उजेड दिसतो.

हवा आणखी खेळवायची असेल तर कॉम्प्युटरमधला छोटा १२ व्होल्टचा पंखा वरच्या जाळीच्या बाहेर, हवा ओढून बाहेर टाकेल असा लावा. आत वारा मारायचा नाही, झोत अंगावर नको.

कातळशिल्प (राजापूर)

मला खाजणदादांचं एसीबद्दलचं मत पूर्ण पटत नाही. माझ्याकडेही ड्रॅगन आहे, स्लॅबचं घर, खोली घट्ट बंद होते. पावसाळ्यात दुपारी दोन-तीन तास एसी ‘ड्राय’वर ठेवतो. खोली ५५-६० टक्क्यांवर येते आणि पेटीच्या गरम बाजूला ३० च्या घरात आकडा दिसतो. सतत ओल धरणारं सामान, लाकूड, मागची भिंत, सगळं त्या वेळात सुकतं. सापासाठी एसी वाईट असेल, ड्रॅगनसाठी तो उत्तम आहे.

खाजण (गुहागर)

कातळशिल्प, मान्य. स्लॅबच्या बंद खोलीत आणि ड्रॅगनसाठी तुमचं बरोबर आहे. फक्त एसी बंद करून लगेच खिडक्या उघडू नका. बाहेरची २७ अंश-९० टक्क्यांची हवा २५ अंशांच्या खाली गार झालेल्या काचेवर आली की पाणी सुटतं, आणि ते विजेच्या जोडांवरही सुटतं.

मालवणी_मुलगो (सावंतवाडी)

माका कासवाचा विचारूचा आसा. रेड-इअर्ड स्लायडर आसा, हाताच्या तळव्याएवढो. दुकानदाराने पाण्यातलो हीटर दिल्यान. आमच्या हयसर जानेवारीत रात्री बऱ्यापैकी थंडी पडता, पण आता पावसात हीटर व्हयो काय? आणि पाठीर पांढरे ठिपके येतत. कोण सांगात काय?

गोठा_ते_गेको (चिपळूण)

मी पशुवैद्यक आहे. रोजचं काम गाई-म्हशींचं, पण अलीकडे कासवं आणि इग्वानाही येतात. तुमच्या कासवाबद्दल सविस्तर लिहितो, कारण कोकणात येणारी बहुतेक स्लायडर एकाच कारणाने आजारी असतात.

पाण्याला २४ ते २७ अंश पुरतात. पावसाळ्यात तुमच्या टाकीतलं पाणी हीटरशिवायच २६-२७ असतं. थर्मामीटर टाकून बघा आणि हीटर डिसेंबरपर्यंत काढून ठेवा. मतलई वारे सुरू झाले, पहाटेचं पाणी २२ च्या खाली जाऊ लागलं, की लावा. हीटरला जाळीचं आवरण हवं, कासव त्यावर बसतं आणि भाजतं, किंवा काच फोडतं.

तुमचा प्रश्न पाण्यात नाही, पाण्याबाहेर आहे. स्लायडरला पूर्ण अंग बाहेर काढून, खालूनही, पार सुकता येईल अशी जागा लागते. तिथे ३० ते ३३ अंश ऊब आणि यूव्हीबी. प्लॅस्टिकच्या टबात मध्ये एक दगड ठेवलेला असतो, तोही ओला. पावसाळ्यात ऊन नाही, हवा ९० टक्के, कवच आठवडेच्या आठवडे सुकतच नाही. मग पांढरे किंवा गुलाबी डाग, मऊ पडलेली जागा, घाण वास. ठिपका नखाने दाबून मऊ लागला किंवा वास आला तर घरगुती उपाय नकोत, लगेच दाखवा. नुसतेच पांढुरके पापुद्रे असतील तर कवचाचे जुने थर सुटत असतील, किंवा पाण्यातले क्षार बसले असतील.

यूव्हीबीबद्दल सगळ्यांसाठी सांगतो. २९० ते ३१५ नॅनोमीटरचे हे किरण कातडीत पडले तरच ड जीवनसत्त्व तयार होतं आणि कॅल्शियम हाडांत जातं. खिडकीच्या काचेतून ते येत नाहीत. ट्यूब आणि जनावर यांच्यामध्ये काच किंवा ॲक्रिलिक असेल तर ती ट्यूब फक्त उजेडाची. बारीक जाळीही बराचसा भाग अडवते. ट्यूब पेटत राहते, पण किरण कमी होत जातात, म्हणून साधारण वर्षाने बदलायची. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ऊन भरवशाचं नसतं, म्हणून ट्यूब मे महिन्याच्या शेवटी बदलणं सोयीचं. जबडा मऊ लागणं, पाय वाकणं, बोटं थरथरणं ही हाडं ठिसूळ झाल्याची लक्षणं. नोव्हेंबर ते मे सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास द्या, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, आणि तुम्ही शेजारी बसून. कावळे आणि मांजरं टपलेलीच असतात. काचेची टाकी उन्हात कधीही ठेवू नका, आतलं तापमान दहा-पंधरा मिनिटांत जीवघेणं होतं.

श्वसनाच्या आजाराची लक्षणंही इथेच लिहून ठेवतो: नाकातून बुडबुडे, तोंड उघडून मान वर करून श्वास, शिट्टीसारखा आवाज, कासव पाण्यात एका अंगावर कलणं. ड्रॅगन बल्बखाली तोंड उघडून बसतो तो ऊब बाहेर टाकायला, त्याला घाबरायचं कारण नाही. थंड बाजूलाही तोंड उघडं दिसलं तर मात्र थांबू नका.

मालवणी_मुलगो (सावंतवाडी)

डॉक्टर, देव बरे करो. ठिपके कडक आसत, वास नाय. उद्याच लाकडाची फळी पाण्याच्या वर बसवतंय आणि ट्यूब आणतंय. मोठा झाला काय पुढे परसातल्या विहिरीत सोडू काय? आमच्याकडे विहिरीत कासवां ठेवूची पद्धत आसा.

कातळशिल्प (राजापूर)

नको, हे अजिबात करू नका. स्लायडर अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. ते आपल्या विहिरी, तळी, नद्यांत शिरलं की इथल्या कासवांचं अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावतं. वीस-तीस वर्षं जगतं, तेवढी तयारी असेल तरच ठेवा. आणि विहिरीतली देशी कासवं पकडून टाकीत ठेवणंही गुन्हा आहे.

कायद्याचं इथेच लिहितो, नवीन वाचणाऱ्यांना उपयोग होईल. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. स्टार कासव, घोरपड, अजगर यांसारखे आपले देशी प्राणी पाळता येत नाहीत, सापडलेले, ‘वाचवलेले’सुद्धा. २०२२ च्या दुरुस्तीने साइट्स करारातल्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार) परदेशी प्रजाती चौथ्या अनुसूचीत आल्या, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. नोंदणीचे नियम २०२४ मध्ये आले आणि ती सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते. बॉल पायथन आणि हिरवा इग्वाना या यादीत मोडतात. सुरंगीताई, तुमचे कागद बघून घ्या. दुसऱ्याकडून आलेल्या जनावराचेही कागद मागून घ्यावेत.

सुरंगी (अलिबाग)

नोंदणी आहे, पिल्लू घेतलं तेव्हाचे कागदही आहेत. जाळी झाकली, ओला हाइड केला. टॉवेलच्या डब्यात शेपटीची कात निघाली. डोळ्याची तशीच आहे, वाट बघते. पण आता थंडीचं सांगा, आमच्याकडे जानेवारीत एसी बंद असतो, तेव्हा सगळं आपोआप ठीक होईल का?

खाजण (गुहागर)

नाही, तेव्हाही बघावं लागेल. दुपारी खारे वारे समुद्राकडून ओल घेऊन येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून कोरडे येतात. पहाटे १९ अंश आणि ८० टक्के असं दिसलं की वाटतं भरपूर ओलावा आहे. तीच हवा टाकीत ३२ अंशांवर नेली की ३७ टक्के. म्हणजे जानेवारीत तुमच्या सापाला पाणी घालावं लागतं आणि जुलैत जांभाताईंच्या ड्रॅगनला वाचवावं लागतं. आकडा बाहेरचा न धरता टाकीतल्या तापमानाला धरायचा.

हर्णै_बंदर (दापोली तालुका)

लाइटचं कोणीच काही लिहिलं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत आलं, तेव्हा दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तौक्ते मे २०२१ मध्ये किनाऱ्याने वर गेलं तेव्हाही तेच. म्हणून बेत आधी करून ठेवा.

पावसाळ्यातल्या रात्री लाइट गेले तर घाबरायचं काम नाही. आपल्याकडे खोली २५-२६ च्या खाली जात नाही, धडधाकट प्राण्याला एखाद-दुसरा दिवस ते सहज चालतं. फक्त खायला घालू नका, ऊब नसेल तर पोटात पचत नाही, कुजतं. आठ-दहा दिवस गेले तर मात्र ऊब द्यावी लागते. बंदरावर मासळीचे थर्माकोलचे डबे मिळतात, धुऊन उन्हात वाळवलेला एक घरात असू द्या. झाकणाला भोकं, आत गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एका टोकाला. दुसरं टोक मोकळं.

इन्व्हर्टरवर १०० वॉटचा सिरॅमिक हीटर आठ तास चालवायचा म्हणजे ८०० वॉट-तास गेले. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीतून प्रत्यक्षात हजार-अकराशे मिळाले तरी पुष्कळ, म्हणजे घरातले पंखे आणि दिवे उपाशी. त्यापेक्षा इन्व्हर्टरवर फक्त छोटा पंखा आणि कासवाच्या टाकीचा फिल्टर ठेवा. खरा धोका मे महिन्यातल्या दुपारचा. कौलाखाली ३६-३७ होतात, पंखा बंद, टाकी काचेची. तेव्हा जनावर सारवलेल्या जमिनीच्या खोलीत, ओल्या गोणपाटावर ठेवलेल्या टबात न्या. बहुतेक साप आणि कासवं ३८ च्या वर फार वेळ टिकत नाहीत.

अवांतर: आमच्या बाजूला वेळासला ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची अंडी हॅचरीत जपतात, तिथे वाळू किती तापते यावर पिल्लू नर की मादी ते ठरतं, वाळू जास्त उबदार तर माद्या जास्त. दोन-तीन अंशांना या प्राण्यांत केवढी किंमत असते ते तिथे कळतं.

पडवी (पेण)

वायरिंगचं काम करतो, म्हणून तेवढं लिहितो. किनाऱ्यावर खारी हवा होल्डरच्या पितळेवर हिरवट गंज धरते, जोड सैल होतात, तापतात. सिरॅमिक हीटरला चिनी मातीचाच होल्डर लावा, प्लॅस्टिकचा वितळतो. दर पावसाळ्यानंतर होल्डर उघडून बघा, हिरवं-काळं दिसलं तर बदला. पेटीच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवा, पाण्याची टाकी असेल तर हवाच हवा. वायर प्लगकडे जाताना आधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली पडतं, सॉकेटमध्ये शिरत नाही.

थर्मोस्टॅट म्हणून बरेच जण अंडी उबवणीच्या यंत्राचा कंट्रोलर लावतात. हीट मॅट आणि सिरॅमिकला चालतो. पण त्यातला रिले (हीटर चालू-बंद करणारा स्विच) खाऱ्या हवेत कधी कधी ‘चालू’ अवस्थेतच चिकटतो आणि हीटर थांबत नाही. म्हणून दुसरा कंट्रोलर मालिकेत जोडा, तो दोन-तीन अंश वरच्या आकड्याला. पहिला चिकटला तर दुसरा तोडेल. हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय कधीच लावू नका, सापाचं पोट भाजतं आणि तो हलतही नाही. गरम होणारे नकली दगड तर घरात आणूच नका.

प्लायचं म्हणाल तर साधा व्यापारी प्लाय इथे दोन पावसांत फुगतो. आयएस ७१० छापाचा मरीन प्लाय घ्या, कडा आणि भोकांच्या आतल्या बाजू रंगाने बंद करा, मग महिनाभर उघडी ठेवून वास जाऊ द्या.

जांभा (रत्नागिरी)

मीठ लावून बघितलं, आमचा मीटर ६ ने जास्त दाखवतो. म्हणजे थंड बाजूचे ७५ खरे ६९. गरम बाजूला हवेत ३५ अंश आणि दुरुस्त करून ५०. फरशी कोरडी आहे, वास गेला. रात्रीचा सिरॅमिक अजून लावलेला नाही, पाऊस वाढला तर लावीन. मागची फळी पडवीदादांनी सांगितली तशी नव्या प्लायची करून घेते. एकच राहिलं, पाऊस गेल्यावर काय बदलायचं?

खाजण (गुहागर)

ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की खोलीच ३३-३४ वर जाते. तेव्हा तोच बल्ब फरशी ४५ पर्यंत नेतो आणि थंड बाजू ३३ च्या वर चढते. बल्बचे वॉट कमी करा, किंवा डिमरवाला थर्मोस्टॅट लावा आणि त्याचा प्रोब फरशीला चिकटवून ठेवा, हवेत लोंबता ठेवू नका. जनावराने ओढून प्रोब थंड बाजूला टाकला तर थर्मोस्टॅटला वाटतं अजून गारच आहे आणि तो तापवतच राहतो, म्हणून प्रोब क्लिपने पक्का हवा. थंड बाजू ३० च्या आत राहत नसेल तर दुपारी बारा ते तीन बल्ब बंद ठेवा, सकाळी आणि संध्याकाळी लावा. यूव्हीबीची ट्यूब मात्र चालू राहू दे.

मुलीला इन्फ्रारेड गन देऊन रोज सकाळी तीन जागा मोजायला सांगा, शेकायची फरशी, मधला भाग, थंड टोक, आणि वहीत लिहायला. डिसेंबरात ती वही इथे टाका, तेव्हा हिवाळ्याचं बघू.